तशी तू आमची ऋणं आम्हाला सोड

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर एका मुलाने मला गेटपाशी थांबवलं, असेल चोवीस-पंचवीस वर्षांचा, आयटीत आहे, खराडीला जातो, आणि म्हणाला अंकल मी सहा महिने झाले प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत नाही. म्हटलं का रे बाबा. तर खाली बघत म्हणाला की मी त्या लायकीचा नाही राहिलो, आधी स्वतःला नीट करतो मग घेतो. काय केलंय ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागे गाड्या काढायची घाई, लोक जय ख्रिस्त जय ख्रिस्त करत हात मिळवतायत, अशात काय बोलणार, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शनिवारी घरी ये म्हटलं. पण घरी आल्यापासून त्याचं ते वाक्य डोक्यातनं जात नाहीये, "आधी स्वतःला नीट करतो मग". कारण हेच वाक्य मी स्वतः बावीस वर्षांचा असताना बोललोय, जवळजवळ याच शब्दांत, म्हणून आज लिहायला बसलोय.

१९९८ साल असेल. मी पिंपरीला अ‍ॅप्रेंटिस होतो, स्टायपेंड अगदी थोडा, आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा सेक्रेटरी. मे महिन्यात पाचगणीला कॅम्प ठरला, प्रत्येकी ३५० रुपये, आणि पावत्या फाडायचं काम माझ्याकडे. ते पावती पुस्तक माहितीये ना, एक पांढरं पान एक पिवळं पान, मध्ये निळा कार्बन घालायचा, पांढरी पावती देणाऱ्याला आणि पिवळी पुस्तकात राहते. तर मी त्यातल्या बारा जणांचे पैसे घेतले, पावत्या दिल्या, आणि ते पैसे जमा केलेच नाहीत. बारा साडेतीनशे म्हणजे ४२०० रुपये. एक जुनी स्कूटर बघितली होती, तिचा बयाणा द्यायचा होता, आणि मनात असं की दोन महिन्यांत भरून टाकू, कुणाला कळणार आहे. चोरी असा शब्द मी तेव्हा मनात सुद्धा वापरला नव्हता, "ॲडजस्टमेंट" म्हणत होतो.

आमचे खजिनदार म्हणजे एक काका होते, खडकीच्या फॅक्टरीतनं रिटायर झालेले, घोरपडीला राहायचे. हिशोबाची लांब वही, निळी शाई, प्रत्येक आकड्याखाली पट्टीने रेघ. एका रविवारी त्यांनी मला व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बोलावलं, तिथे दोन बायका प्रभुभोजनाचे छोटे पेले विसळत होत्या, आणि काकांनी हळू आवाजात विचारलं, बाळा पावत्या किती झाल्या? मी म्हटलं बारा जणांनी अजून दिले नाहीत. पावती पुस्तक त्यांच्या समोर टेबलावर होतं. पिवळी पानं आत होती. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बरं म्हणाले आणि वही मिटली.

पुढच्या आठवड्यात पंचकमिटीत हिशोब वाचला गेला आणि सगळा जुळला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मला कळेना की जुळला कसा. नंतर बँकेची स्लिप बघायला मिळाली. ४२०० रुपये, काकांच्या अक्षरात, त्यांच्या पेन्शनच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी भरलेले.

त्या शनिवारी मी घोरपडीला गेलो. काका दारात खुर्ची टाकून पेपरावर मेथी निवडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो, रडलो पण, आणि म्हटलं काका मी दर महिन्याला थोडे थोडे करून देतो, तोपर्यंत मी संघात येत नाही, प्रभुभोजन घेत नाही, आधी स्वतःला नीट करतो मग येतो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मेथीच्या काड्या बाजूला करत होते. मग म्हणाले, ते पैसे जमा झालेत, आता त्यांचं कर्ज नाही कुणावर. मी म्हटलं पण तुमचे गेले ना. म्हणाले, हो, माझे गेले. एवढंच. मग आत गेले आणि नवीन पावती पुस्तक घेऊन आले, दोन कोरे कार्बन आत घातलेले, आणि म्हणाले पुढच्या महिन्यात संडे स्कूलची पिकनिक आहे, पावत्या तू फाड.

कुणी मुस्काटात मारली असती तर मी सहन केली असती. ते पुस्तक हातात घेणं जमत नव्हतं.

आता यात काकांनी सगळंच बरोबर केलं असं मी म्हणत नाही. मंडळीचा पैसा होता, पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) तरी सांगायला हवं होतं असं मला आज वाटतं, आणि ते मी नंतर स्वतः जाऊन सांगितलं, दोन महिने लागले हिंमत व्हायला. काका एवढंच म्हणाले होते की कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तूही बोलू नकोस. पण कृपा म्हणजे काय हे मला शेकडो उपदेशांतून जे कळलं नव्हतं ते "हो, माझे गेले" या तीन शब्दांत कळलं. क्षमा फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याच्या खिशातनं ते जातंच. कुणीतरी ती ४२०० ची भोकं स्वतःच्या पेन्शनने बुजवलेली असतात. येशूच्या वधस्तंभाबद्दल, क्रूसाबद्दल, आपण बोलतो तेव्हा नेमकं हेच बोलत असतो, की देवाने पापाकडे डोळेझाक केली नाही, हिशोब बंद करून टाकला असं नाही, हिशोब पूर्ण झाला आणि तो त्याने स्वतः भरला.

आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत किती नेमका शब्द आहे बघा. लहानपणापासून आपण म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण! बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, मूळ ग्रीकमध्येही तिथे देणं, कर्ज असाच शब्द आहे, आणि जे क्रियापद आहे त्याचा अर्थ सोडून देणं, मोकळं करणं. म्हणजे गावाकडे म्हणतात ना, जा सोडलं तुला, व्याज पण नको. तेच. आणि मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात येशूने त्या कर्जाचा आकडा पण सांगितलाय. एका चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामावर गेला तरी दोन लाख वर्षं. आणि तो चाकर राजाच्या पाया पडून काय म्हणतो, तर मला वेळ द्या, मी सगळं फेडतो! मी काकांसमोर उभा राहून तेच म्हणत होतो. तो खराडीवाला मुलगा तेच म्हणतोय. राजा त्याला वेळ देत नाही, हप्ते बांधून देत नाही, त्याला कळवळा येतो आणि तो सगळं देणं सोडून देतो. पुढे तो चाकर बाहेर जाऊन आपल्या सोबत्याची गचांडी धरतो शंभर दिनारांसाठी, आणि त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. आधी मला वाटायचं की ही गोष्ट फक्त त्या दुसऱ्या भागासाठी आहे, की बाबांनो तुम्हीही क्षमा करा. पण आता वाटतं त्याला पहिला भाग कळलाच नव्हता, त्याच्या डोक्यात अजून फेडणंच चालू होतं, आणि ज्याच्या डोक्यात फेडणं चालू असतं तो वसूल करायला निघतोच.

पुण्यात राहून हा विषय काढला की मला पंचहौद आठवतोच. गुरुवार पेठेत ते चर्च आहे, त्याचा घंटेचा उंच मनोरा लांबून दिसतो. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये त्या मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना बोलावलं, टिळक, रानडे, गोखले असे सगळे, आणि समोर चहा ठेवला. काहींनी प्यायला काहींनी नाही. मग नावं छापून आली, गावात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त घ्यायचं की नाही यावर पुणं पुढे दीड-दोन वर्षं भांडत होतं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि ते स्वतःला दोषी वाटलं म्हणून नव्हे तर सोबतच्या मित्रांची घराघरांत कोंडी होत होती म्हणून. मला यात रानड्यांबद्दल फार आदर वाटतो. आपला दोष नसताना दुसऱ्याच्या सुटकेसाठी माणूस मान खाली घालतो, आणि त्यासाठी आपल्याच सुधारक लोकांची बोलणी खातो, ही काही साधी गोष्ट नाही.

प्रायश्चित्त हा शब्द आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलाय, हिंदू असो ख्रिस्ती असो. चूक झाली की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, उपास, दान, वारी, निदान स्वतःला शिक्षा. ही भावना खोटी नाहीये, उलट ज्याला चूक झाल्यावर काहीच करावंसं वाटत नाही त्या माणसाची मला जास्त भीती वाटते. पण मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, हाच शब्द वापरलाय आणि तो कसा वापरलाय बघा, तिथे असं नाही की तुम्ही प्रायश्चित्त करा, तिथे आहे की तो म्हणजे ख्रिस्तच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. आहे! प्रायश्चित्त हे काम नाही, माणूस आहे. हे वाक्य मी अनेक वर्षं नुसतं वाचून पुढे जात होतो.

आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. जक्कयची गोष्ट घ्या, यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू खाली उभा राहून त्याला म्हणत नाही की आधी लोकांचे पैसे परत कर मग तुझ्याकडे जेवायला येतो. तो म्हणतो लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी हे. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. लोक कुरकुर करतात ती त्या क्रमाबद्दलच करतात. येशूच्या गोष्टीतल्या, पैसे उडवून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचा बाप पण तसाच, पोरगा लांब असतानाच धावत सुटतो, पोराने पाठ केलेलं भाषण, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा वगैरे, ते पूर्ण होऊच देत नाही. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला पत्रात लिहिलं ते हेच, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. असतानाच. नीट झाल्यावर नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला यात फार जवळचं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. त्याच सुमाराला फुलहॅमला त्यांनी बघितलं की तिथल्या सिस्टर्स समाजाने टाकलेल्या बायकांना घरात घेतायत, त्यांच्याशी मायेने वागतायत, आणि त्यांनी विचारलं की हे का करता, तेव्हा त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट, जिच्याशी येशू विहिरीपाशी बोलला तिची, वाचून दाखवली. एवढं असूनही, त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं गेली. एवढी विदुषी, संस्कृत, शास्त्रं सगळं कोळून प्यायलेली, पुढे अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणणारी बाई, तिलाही हे कळायला वेळ लागला की हे मिळवायचं नसतं, घ्यायचं असतं. आणि ज्यांना कळलं त्या बाईने काय केलं, केडगावला मुक्तिसदन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणल्या, आणि ज्या बायकांना कुठलंच घर उंबरा ओलांडू देत नव्हतं त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली तिचं नाव ठेवलं कृपासदन. दौंडच्या लाइनवरून जाताना केडगाव स्टेशन आलं की मला ते नाव आठवतं. सुधारसदन नाही ठेवलं त्यांनी.

आता यावर लोक जे विचारतात ते मला माहितीये, माझी मोठी बहीणच विचारते. की मग काय, वाटेल ते करा आणि रविवारी सॉरी म्हणा? हा प्रश्न पौलालाही विचारला होता लोकांनी, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि तो जवळजवळ ओरडून म्हणतो, कधीच नाही. डीट्रिख बोनहॉफर नावाचा जर्मन पाळक होता, हिटलरच्या विरोधात उभा राहिला, ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं, त्याने १९३७ मध्येच "स्वस्त कृपा" असा शब्द वापरून आपल्या मंडळ्यांना झोडपलं होतं, पश्चात्ताप नाही, येशूच्या मागे चालणं नाही आणि नुसती क्षमा वाटत सुटायची, याला त्याने मंडळीचा शत्रू म्हटलं. मला ते पूर्ण पटतं. पण माझा अनुभव सांगतो, त्या नवीन पावती पुस्तकानंतर मी एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, आणि ते भीतीने नाही. शिक्षा झाली असती तर मी जास्त हुशारीने चोरी करायला शिकलो असतो कदाचित. पुढची दोन वर्षं मी कॅम्पला दोन दोन पोरांची फी भरली, काकांनी सांगितलं नव्हतं, मलाच राहवलं नाही.

आणि दुसरी एक गोष्ट आहे ती मला जास्त जीव तोडून सांगायचीय. क्षमा या शब्दाचा वापर करून आपल्याकडे बायकांना मार खायला परत पाठवतात. नवरा दारू पिऊन मारतो, ती माहेरी येते, आणि चार वडीलधारी तिला सांगतात की येशूने सांगितलंय, सत्तर वेळा सात वेळा क्षमा कर. हे बघितलंय मी, आणि एकदा त्या चार जणांत मीही होतो, त्याची लाज मला आजही वाटते. ती क्षमा नाहीये. ज्याने मारलं त्याने काही गमावलं नाही, किंमत पुन्हा तिच्याकडूनच वसूल केली. मनातला सूड सोडणं वेगळं आणि त्याच्या हातात परत काठी देणं वेगळं. काकांनी मला पुस्तक परत दिलं कारण मी दारात उभा राहून खरं बोललो होतो. मी तिथेही बारा जणांनी दिले नाहीत असंच म्हटलं असतं तर त्यांनी ते दिलं नसतं, याची मला खात्री आहे. क्षमा त्यांनी आधीच केली होती, स्लिपवर तारीख आहे. पण ती माझ्या हातात यायला मला घोरपडीपर्यंत चालत जावं लागलं.

कॅथलिक मित्र म्हणतील की म्हणूनच आमच्याकडे कन्फेशन आहे, आणि खरंच, तोंडाने उच्चारण्यात एक ताकद आहे, आम्ही प्रॉटेस्टंट ते फार सहज टाळतो. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट वेगळे झाले त्या लूथरपासून या मुद्द्यावर किती भांडण झालं, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन या दोघांनी मिळून सही केली की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही. ४८२ वर्षं लागली. त्यामानाने या मुलाचे सहा महिने काहीच नाहीत.

त्याला मी काय सांगणार ते अजून ठरलं नाहीये. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट सांगेन बहुतेक. येशूला धरून नेलेलं असतं, मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, पेत्र तिथे शेकत उभा असतो आणि तीनदा म्हणतो मी त्याला ओळखत नाही. मग पुनरुत्थानानंतर, तलावाच्या काठावर, पहाटे, पेत्र पाण्यातनं बाहेर येतो तर समोर परत कोळशाचा विस्तव, आणि त्यावर मासे. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोनच ठिकाणी आहे. त्याच वासाच्या शेजारी येशू त्याला जेवायला बसवतो. तू मला का नाकारलंस असं विचारतच नाही, विचारतो तर एवढंच की माझ्यावर प्रेम आहे का, तेही तीनदा, आणि प्रत्येक वेळी त्याला काम देतो, माझी मेंढरं सांभाळ. जेवण आधी वाढलं होतं. पेत्र नीट व्हायची वाट बघत ते मासे गार होऊ दिले नव्हते. प्रभुभोजनाच्या टेबलाकडे बघताना मला तो तलावकाठच दिसतो, म्हणून जो म्हणतो मी लायक झालो की येईन त्याला मला हाताला धरून आणावंसं वाटतं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाने घर आवरताना काही वह्या मला दिल्या होत्या, त्यात कॅम्पचं ते जुनं पावती पुस्तकही निघालं, त्यांनी टाकलं नव्हतं. काल माळ्यावरनं काढून पुसून ठेवलंय. बारा पिवळी पानं आहेत तशीच, माझ्या अक्षरात, आणि शेवटच्या पानाला पिन लावलेली बँकेची स्लिप, पिनेचा गंज कागदात उतरलाय. शनिवारी सहाला येतो म्हणालाय तो.